उताण्या माणसाचा दिवा

घरात बाळ येणार म्हटलं की सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि आठव्यात फॉल्स सीलिंग. पूर्वी या दिवसांत मऊ पडलेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली जात. आता लुगडी राहिली नाहीत आणि शिवणाऱ्या नोकरीवर जातात, त्यामुळे घराचा सगळा उत्साह छताकडे वळला आहे. इंटिरियरवाला येतो, टेप लावतो आणि फ्लॅटमधली सगळ्यात लहान खोली 'बाळाची खोली' म्हणून जाहीर करतो. कालपर्यंत तिथे इस्त्रीचं टेबल, गणपतीचं मखर आणि चार दिवस वापरलेली व्यायामाची सायकल सुखाने नांदत होती. ते सगळं बाल्कनीत जातं. त्या जागी पीओपीचे ढग येतात, ढगांच्या कडेने लपवलेली एलईडीची पट्टी येते, मधोमध फुग्यांचं झुंबर, कोपऱ्यात हत्तीचा टेबललॅम्प, भिंतीवर चंद्रकोर. रंगाचा प्रश्न आपल्याकडे जरा बिकट. मुलगा असेल तर निळा आणि मुलगी असेल तर गुलाबी, हे परदेशी गणित गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे इथे आधी मांडता येत नाही. आणि तो कायदा का करावा लागला हे आठवलं, तर मांडता येत नाही हेच बरं. बाजाराने त्यावर तोड काढली आहे. रिमोटवर रंग बदलणारी पट्टी घ्यायची. डब्यावर एक कोटी साठ लाख रंग छापलेले असतात, बाळ जन्माला आलं की त्यातला योग्य तो लावायचा. उरलेले एक कोटी एकोणसाठ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव वाया गेले तरी कुणाला हळहळ वाटत नाही.

या सगळ्या दिव्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. ते उभ्या माणसांनी निवडलेले असतात. मुंबईच्या लोहार चाळीत जा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, गिऱ्हाईक दुकानात उभं असतं, दिवा त्याच्या डोक्यावर लटकत असतो, आणि प्रकाश खाली कसा पडतो ते बघून सौदा ठरतो. उभ्या माणसाला दिवा दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला दिसतो तो उजेड. बाळ मात्र उताणं असतं. डॉक्टरही त्याला पाठीवरच झोपवायला सांगतात, आणि पहिले काही महिने त्याला कूस वळता येत नाही. घरातला हा एकच सदस्य असा की जो चोवीस तास छताकडे तोंड करून आहे, आणि आपण नेमका त्याच्या डोळ्यांसमोर बल्ब टांगतो. ऑफिसात आपल्याला कुणी असं आडवं पाडून वर ट्यूबलाइट धरली, तर आपण युनियनकडे जाऊ. तेव्हा बाळाच्या खोलीचा दिवा निवडायची खरी चाचणी एकच आहे. पाळणा जिथे ठेवायचा तिथे जमिनीवर उताणं पडायचं, दिवा लावायला सांगायचं आणि पाच मिनिटं काढायची. दुकानात हे करता येत नाही, हे कबूल. तपकीर गल्लीत तर उभं राहायलाच जागा नसते. माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढे जातं. बाळाच्या खोलीतला दिवा बाळासाठी नसतोच. बाळाला दिवसा ऊन आणि रात्री काळोख लागतो. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींसाठी वायरमन लागत नाही. दिवा लागतो तो रात्री तीन वाजता उठणाऱ्या मोठ्या माणसाला, आणि तो त्या माणसाची गरज बघून निवडायला हवा.

आधी बाळाला दिसतं काय ते बघू. नवजात बाळाची नजर साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवर स्थिरावते. दूध पाजणाऱ्या आईचा चेहरा बाळापासून जेवढा लांब असतो, तेवढंच हे अंतर. त्यापलीकडचं जग त्याला धूसर. रंगांचंही तसंच. पहिल्या दिवसांत काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक कळतो, बाकीचे रंग पुढच्या दोन-चार महिन्यांत हळूहळू उमजू लागतात. आपल्या फ्लॅटचं छत नऊ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटरवर. पाळण्यातून ते दोन मीटर तरी दूर असतं. तेव्हा तिथे चिकटवलेल्या ताऱ्यांमधला एकही तारा बाळाला तारा म्हणून दिसत नाही. नक्षत्रं फिरवणारा तो प्रोजेक्टर लावला की बाळाच्या दृष्टीने छतावर काहीतरी अस्पष्ट सरकतं आहे एवढंच घडतं. नक्षत्रं ओळखतात ती बाळाला बघायला आलेली मंडळी. त्यांच्यात एक काका असे असतातच की ज्यांना सप्तर्षी चुकीच्या बाजूला आहेत हे लगेच कळतं. पुढे बाळाची नजर छतापर्यंत पोचते, तोवर ते पालथं पडायला शिकलेलं असतं आणि त्याचं सगळं लक्ष जमिनीवरच्या प्रोजेक्टरच्या वायरकडे असतं. त्याला ताऱ्यांचं नाव सांगता येईल तेव्हा त्याला डायनोसॉर हवा असतो. थोडक्यात, त्या छताचा आणि त्या बाळाचा योग एकदाही जुळून येत नाही.

कुणी म्हणेल, दिसत नाही तर मग त्रास कसला? लावा की भरपूर उजेड. इथे गोम आहे. डोळ्याचं काम फक्त बघणं हे नाही. नेत्रपटलात काही पेशी अशा आहेत की त्यांना चित्राशी देणंघेणं नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढी बातमी त्या मेंदूला पोचवतात. २००२ च्या सुमाराला या पेशी नीट ओळखल्या गेल्या. त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात निळसर उजेडाने, ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या. सकाळचं आकाश त्या रंगाचं असतं, म्हणून त्यांनी तसं असणं रास्तच आहे. पण आपल्या घरोघरचा पांढराशुभ्र एलईडीही निळ्याच्या बाबतीत हात सैल सोडतो. डब्यावर बारीक अक्षरात ६५०० के असं छापलेलं असतं, तोच हा. २७०० के म्हणजे पिवळसर. मराठी मध्यमवर्गाला मात्र पिवळ्या उजेडाचं वावडं आहे. पिवळा म्हणजे गावचा व्होल्टेज नसलेला बल्ब, पिवळा म्हणजे गरिबी, नाहीतर ज्या हॉटेलात मेन्यूकार्डावरच्या किमती वाचता येऊ नयेत अशी व्यवस्था असते ते हॉटेल. पांढरा म्हणजे स्वच्छ, पांढरा म्हणजे प्रगती. दुकानदार "व्हाइट देऊ की वॉर्म?" असं विचारतो तो केवळ शिष्टाचार म्हणून, हात आधीच पांढऱ्याच्या खोक्यात गेलेला असतो.

त्यात उजेड भलताच स्वस्त झाला. २०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना सुरू झाली, आणि एलईडी बल्बची सरकारी खरेदीची किंमत, जी २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होती, ती २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. विजेच्या बिलासाठी हे उत्तमच झालं. पण वस्तू स्वस्त झाली की माप सुटतं. आपण अजून वॅट मोजून बल्ब घेतो. वॅट हा विजेचा खर्च. उजेडाचं माप लुमेन, आणि ते डब्याच्या मागच्या बाजूला पत्त्याखाली लपलेलं असतं. साठ वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा किंवा त्याहून जास्त नऊ वॅटचा एलईडी देतो. झिरोचा बल्ब म्हणून जो घराघरांत रात्रभर जळायचा, तो स्वतः पंधरा वॅट खायचा आणि उजेड मिणमिणता द्यायचा. या हिशेबावर वाढलेला माणूस दुकानात जातो, "बाळाच्या खोलीला लहानसाच द्या, नऊ वॅटचा" म्हणतो, आणि झिरोच्या बल्बपेक्षाही कमी विजेत जुना साठचा बल्ब घरी आणतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो पन्नास-साठ लक्स सहज टाकतो. वर वीस वॅटची बॅटन असतेच, कारण "लहान मुलाच्या घरात अंधार नको."

आता बाळाच्या आतलं घड्याळ. जन्मतः ते चालूच नसतं. दिवस-रात्रीचा ताल यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर बाळाला पहाटेचे चार आणि दुपारचे चार सारखेच. रात्री झोप आणणारं मेलाटोनिन बाळाच्या शरीरात वेळापत्रकाने तयार होऊ लागतं तेही याच सुमाराला. मधल्या काळासाठी निसर्गाने उसनवारीची सोय करून ठेवली आहे: आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. म्हणजे बाळाला रात्र झाल्याचा निरोप दुधातून जातो, आणि आपण त्याच वेळी वर बॅटन लावून तो निरोप खोटा पाडतो. २००४ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रात्री नीट झोपणाऱ्या बाळांना दुपारी बारा ते चारच्या दरम्यान इतरांपेक्षा बराच जास्त उजेड मिळालेला होता. २०२२ च्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात झोपण्याआधी तासभर उजेडात बसवलेल्या मुलांचं मेलाटोनिन मोजलं. अगदी पाच ते चाळीस लक्स एवढ्या मंद उजेडातही ते सरासरी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी घसरलं. ही मुलं तीन ते पाच वर्षांची होती, तान्ही नव्हेत, हे खरं. पण तान्ह्यांना उजेड कमी बाधतो असं समजायचंही काही कारण नाही. आपल्या घरात चालतं ते नेमकं उलट. दिवसा "बाळ झोपलंय" म्हणून जाड पडदे ओढून खोलीत रात्र करायची, पाहुण्यांना कुजबुजायला लावायचं, आणि रात्री बाळ उठलं की सगळे दिवे लावून, चार माणसं जमवून, खुळखुळा वाजवून खोलीत दुपार करायची. मग "आमचं बाळ रात्रीचा दिवस करतं" असं कौतुकमिश्रित तक्रारीने सांगायचं. रात्रीचा दिवस बाळ करत नाही, बोर्डापाशी उभा असतो तो करतो.

यावर जुन्या वळणाची मंडळी हसून म्हणतील की हे आमच्या आजीला ठाऊक होतं. बाळंतिणीची खोली अंधारी असायची, कोपऱ्यात समई नाहीतर निरांजन. आकडेवारी त्यांच्या बाजूने आहे. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स पडतो. समईची एक वात त्याच जातकुळीतली. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास, भर दुपारचं ऊन लाखभर लक्स. तेव्हा समई म्हणजे शास्त्रोक्त नाइट लॅम्पच. पण श्रेय देताना हात आखडता घ्यावा, असं मला वाटतं. ती खोली शहाणपणामुळे अंधारी नव्हती; तिला खिडकी नव्हती म्हणून अंधारी होती, आणि ती दिवसाही तेवढीच अंधारी असायची. शिवाय बाजेखाली शेगडी आणि शेगडीवर ओवा-बाळंतशेपेची धुरी. मेलाटोनिनचं भलं होत असेल, फुप्फुसांचं काय? काजळाचीही तीच कथा. दिव्याची काजळी धरून बाळाच्या डोळ्यांत घालायची, म्हणजे दिव्याने डोळ्यांना जे काही करायचं ते थेटच करून टाकावं. डॉक्टर आज नको म्हणतात ते उगाच नाही. जुन्या प्रकाशयोजनेतली एक रात्र मात्र मला आवडते, ती पाचवीची. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. साऱ्या परंपरेत बाळाच्या खोलीतल्या दिव्याचा उपयोग इतका स्पष्ट कुठेच सांगितलेला नाही: दिवा रात्री काम करणाऱ्या बाईसाठी आहे, बाळासाठी नाही. तिला एक वात पुरते. तिने लिहिलेलं पुढे कुणालाच वाचता येत नाही, त्यात त्या एका वातीचा दोष किती आणि अक्षराचा किती, हे सांगणं कठीण.

"पण बाळ अंधाराला घाबरेल." हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात ठामपणे येतो. अंधाराची भीती वाटायला अंधारात कोण दडलं असेल याची कल्पना करता यावी लागते. ती कल्पनाशक्ती साधारण दोन-तीन वर्षांनंतर येते, बागुलबुवाची ओळख करून देणारे नातेवाईक भेटल्यावर. तान्हं बाळ नऊ महिने जवळजवळ काळोखातच काढून आलेलं असतं. अंधार हे त्याचं माहेर आहे, सासर ट्यूबलाइटचं. घाबरतात ते आईबाप. बाळ रडत असेल तर का रडतंय याची भीती, रडत नसेल तर का रडत नाही याची. रात्रीतून अनेकदा नाकाशी बोट धरून श्वास बघायचा असतो. ही भीती खोटी नाही आणि तिची चेष्टा करावी असंही मला वाटत नाही. पण श्वास बघायला साठ लक्स लागत नाहीत. मंद दिव्यात पोट वर-खाली होताना दिसतं, आणि ज्यांनी कॅमेरा घेतला आहे त्यांच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेडमुळे काळोखातही दिसतं.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. पिवळ्या उजेडात बाळाची कावीळ कशी कळणार? हा मुद्दा एकदम मान्य. पहिल्या आठवड्यात बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते, आणि पिवळसर दिव्याखाली निरोगी बाळही हळदीत न्हालेलं दिसतं, कावीळ झालेलंही तसंच दिसतं. त्वचेचा रंग बघायचा तर दिवसा खिडकीपाशी, उजेडात, आणि शंका आली तर डॉक्टरांकडे. ट्यूबलाइट हा त्यावरचा उपाय नाही. इथे एक घोटाळा आपल्याकडे खोल रुजलेला आहे. दवाखान्यात काविळीच्या बाळाला दिव्याखाली ठेवतात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून घरी बाळाला ट्यूबखाली उघडं ठेवून आजी निश्चिंत होते. दवाखान्यातला तो दिवा ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा, तीव्र आणि बाळाच्या अगदी जवळ धरलेला असतो. त्याची गोष्टही गमतीची आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या नर्सबाई बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाच्या अंगावरचा पिवळेपणा गेला होता, फक्त चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग पिवळा राहिला होता. त्यावरून पुढे १९५८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दिव्याचा उपचार मांडला. बाई बाळांना बाहेर उन्हात घेऊन गेल्या म्हणून हा शोध लागला. त्या बाळांना फॉल्स सीलिंगखाली ठेवत्या तर लागला नसता. घरात मात्र एक पांढरा, लख्ख दिवा असावा. अंगावर पुरळ उठलंय का, कानामागे मुंगी चावली का, औषधाच्या ड्रॉपरवर रेघ कुठे आहे, हे बघायला तो लागतोच. फक्त तो कामापुरता लावायचा आणि विझवायचा. बँकेच्या लॉकररूममध्ये काम झालं की आपण बाहेर येतो, तिथे पेपर वाचत बसत नाही.

दिव्याने मुलाला चष्मा लागतो, ही भीती अधूनमधून डोकं वर काढते. तिचा उगम बावनकशी आहे. १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी लिहिलं की दोन वर्षांच्या आत काळोखात झोपलेल्या मुलांपैकी दहा टक्क्यांना पुढे लांबचं कमी दिसू लागलं, नाइट लॅम्प लावून झोपलेल्यांपैकी चौतीस टक्क्यांना, आणि खोलीतला मोठा दिवा चालू ठेवून झोपलेल्यांपैकी पंचावन्न टक्क्यांना. आकडे असे चढते की सरळ रेघ मारावी. जगभरच्या आईबापांनी बटणांकडे धाव घेतली. वर्षभराच्या आत, २००० मध्ये, त्याच नियतकालिकात दुसऱ्या दोन गटांनी आपले आकडे मांडले, आणि संबंध गायब. मग घडलं काय होतं? ज्या आईबापांना स्वतःला लांबचं कमी दिसतं, ते मुलांच्या खोलीत दिवा जास्त वेळा चालू ठेवतात, असं निघालं. उघडच आहे, रात्री उठल्यावर चष्मा सापडत नाही. मुलांना चष्मा लागला तो आईबापांकडून आला असावा, दिव्याकडून नव्हे. दिवा निर्दोष सुटला, आणि जाता जाता माझ्या बाजूने साक्ष देऊन गेला: बाळाच्या खोलीत दिवा कोणासाठी जळतो, तर ज्याला रात्री दिसत नाही त्या मोठ्या माणसासाठी.

"आम्ही नाही वाढलो ट्यूबलाइटखाली?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. वाढलात, आणि आता झोप येत नाही म्हणून रात्री दोनला मोबाइल बघत असता.

मुळात ज्या खोलीसाठी हा एवढा खटाटोप, त्या खोलीत बाळ झोपतं का? मराठी घरात तरी झोपत नाही. ते आईच्या कुशीत असतं, आजीच्या मांडीवर असतं, हॉलमधल्या छताच्या कडीला टांगलेल्या झोळीत असतं. वेगळी खोली ही कल्पना जिथून आली त्या अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची अकादमी आज सांगते की पहिले सहा महिने तरी बाळ आईबापांच्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात झोपवा. म्हणजे आपण ढगांसकट खोली तयार करेपर्यंत ज्यांची नक्कल केली तेच परत फिरले. सजवलेल्या खोलीत हळूहळू डायपरची खोकी, दोन एकसारख्या बाबागाड्या आणि बारशाला आलेल्या चांदीच्या वाट्या मुक्कामाला येतात. व्यायामाची सायकलही पावसाळ्यात आत येते. झुंबराखाली ती फार शोभून दिसते. तेव्हा दिव्याचा विचार करायचाच असेल तर तो आईबापांच्या बेडरूमचा करावा, जिथल्या दिव्याकडे गेल्या पाच वर्षांत कुणी पाहिलेलं नसतं.

त्या बेडरूममध्ये रात्री तीनला काय घडतं ते जवळून पाहिलं की दिव्याची निवड आपोआप होते. अर्धवट झोपेतल्या माणसाला पलंगावरून उतरायचं आहे, चपला टाळायच्या आहेत, बाळाचा डायपर उघडायचा आहे, आत काय प्रकार आहे ते ओळखायचं आहे, नव्या डायपरची पुढची-मागची बाजू कळली पाहिजे आणि चिकटपट्टी लंगोटीवर न चिकटता डायपरवरच चिकटली पाहिजे. हे सगळं गुडघ्याच्या खाली चालतं. तेव्हा दिवा गुडघ्याच्या खाली हवा. भिंतीतल्या खालच्या प्लगमध्ये बसणारा अर्ध्या वॅटचा लालसर-नारिंगी दिवा पुरतो. तो कपाटाच्या नाहीतर पलंगाच्या आडोशाला असावा, म्हणजे जमिनीवर उजेड दिसतो आणि पाळण्यातून बल्ब दिसत नाही. त्याची वायर पाळण्यापासून तीन फूट तरी लांब. रिमोटवाला दिवा असेल तर रिमोटमधला नाण्यासारखा सेल स्क्रूने बंद केलेल्या कप्प्यात आहे ना ते बघायचं. तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते, आणि इथे विनोद थांबतो. जुन्या घरात डिमर बसवलेला असेल तर साधा एलईडी त्यावर लावू नये, तो लुकलुकतो आणि गुणगुणतो. स्मार्ट बल्बबद्दल माझं मत फार वाईट आहे. फोन हातात घेतल्याशिवाय तो मंद होत नाही, आणि फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सॲप उघडतं. आवाजावर चालणाऱ्या यंत्राला "दिवा लाव" म्हणावं तर ते तितक्याच खणखणीत आवाजात होकार देतं. त्याहून मोठा धोका महावितरणचा. रात्री अडीचला वीज जाऊन परत आली की यातले बरेच बल्ब आपली सगळी शिकवण विसरून पूर्ण शक्तीनिशी, पांढरेशुभ्र होऊन पेटतात. त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाचे डोळे उघडतात, आणि पहिल्यांदा तोंड बाळाचं उघडतं.

झुंबर, ढग, हत्ती हे सगळं मग टाकून द्यायचं का? मुळीच नाही. सहा महिने डोहाळे, तपासण्या आणि फुकटचे सल्ले सहन केल्यावर आईबापांनी एक गोष्ट केवळ आनंदासाठी विकत घेतली तर तिच्यामागे विज्ञान लावू नये. हत्ती त्यांचा आहे, त्यांना आवडतो, पुरे. फक्त तो बाळासाठी घेतला असं बिलावर लिहू नये. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते बल्बवर न करता बटणावर करावेत, कारण रात्री गोंधळ होतो तो तिथे. आपल्या फ्लॅटमधला बोर्ड दाराशी असतो, पलंग दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये पूर्ण काळोख. बोर्डावर नऊ-दहा बटणं एका रांगेत, दिसायला सगळी सारखी. त्यातलं एक गीझरचं, दोन कशाचीच नसलेली, आणि हाताला पहिलं लागतं ते झुंबराचं. प्रत्येक बटण दाबताना 'खट्ट' असा आवाज येतो, तो दुपारी ऐकू येत नाही. म्हणून वायरमनला पलंगाच्या उशाशी एक वेगळं बटण काढायला सांगावं, मऊ दाबाचं, फक्त त्या खालच्या दिव्याचं. तो म्हणेल की भिंत फोडावी लागेल. फोडू द्या, बाळ यायच्या आधी फोडू द्या. झुंबराचं बटण मात्र बोर्डावर सगळ्यात वर, पाहुण्यांच्या हाताशी असायला हरकत नाही. ते येतात तेव्हा बाळ बहुतेक जागंच असतं, आणि नसलं तर तसंही ते त्याला उठवणारच असतात.